राजसभेपासून मिक्सरपर्यंत

महाड तालुक्यांतील रायगड किल्ल्यावर आपणांपैकीं जे कोणी गेले असतील, त्यांनीं एक प्रयोग बहुधा करून पाहिला असेल. एकानें राजसभेंत सिंहासनाच्या जागेपाशीं उभें राहावयाचें व दुसऱ्यानें समोर नगारखान्याच्या दरवाजाशीं जावयाचें. पहिल्यानें हलक्या आवाजांत चार शब्द बोलावे किंवा नुसता कागद फाडावा. आणि तें दुसऱ्याला स्पष्ट ऐकूं यावें! ही राजसभा २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद आहे. एवढ्या अंतरावरून रस्त्यांतल्या माणसाला आपण हांक मारली, तर तो मान वळवीलच अशी खात्री नसते. मुलें हा प्रयोग खेळ म्हणून करतात आणि वाटाडे तो चमत्कार म्हणून दाखवितात. माझ्या मतें तो खेळहि नव्हे व चमत्कारहि नव्हे. मोठ्या जमावांत शेवटच्या माणसाला शब्द कसा ऐकूं जावा, या जुन्या प्रश्नाला दगडांत दिलेलें तें एक उत्तर आहे. त्याच प्रश्नाला आपल्या काळानें दिलेलें उत्तर म्हणजे गाण्याच्या मंडपांत मागच्या बाजूस साऊंडवाल्यापुढें असलेला डिजिटल मिक्सर. या दोन उत्तरांमधील साडेतीनशें वर्षांची वाट आज मी आपणांस थोडक्यांत सांगणार आहें. आणि ती वाट बरीचशी महाड-पोलादपुराच्या मुलखांतूनच जाते.

आधीं दगडाचें उत्तर पाहूं. ध्वनि हवेंतून एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे राजसभेची लांबी ओलांडावयास त्याला सेकंदाचा पांचवा हिस्सा पुरतो. उघड्या मैदानांत तो चहूंकडे पसरतो, आणि अंतर दुप्पट झालें कीं त्याची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. भिंती असल्या म्हणजे वायां जाणारा कांहीं भाग परत फिरून श्रोत्याकडेच येतो. पण परत फिरलेला ध्वनि नेहमींच मदत करतो असें नाहीं. जर्मन संशोधक हेल्मुट हास यानें १९४९ सालीं आपल्या प्रबंधांत दाखवून दिलें कीं, मूळ शब्दामागून सेकंदाच्या सुमारें तिसाव्या हिश्शाच्या आंत येणारा प्रतिध्वनि कानाला वेगळा ऐकूं येत नाहीं. तो मूळ शब्दांतच मिसळून त्याला बळ देतो. त्याहून बराच उशीर झाला, तर मात्र शब्दावर शब्द पडून सर्व गोंधळ होतो. सभागृह चांगलें कीं वाईट, हें पुष्कळसें या एका हिशेबावर ठरतें.

रायगडाची बांधणी करणाऱ्या हिरोजी इंदुलकराचें नांव जगदीश्वराच्या मंदिरापाशीं दगडांत कोरलेलें आहे. ६ जून १६७४ रोजीं याच सभेंत राज्याभिषेक झाला. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यानें गडावरील वाडे जळाले; तरीहि राजसभेचा हा गुण उरला. मात्र या उत्तराची एक मर्यादा आहे. भिंत हलवितां येत नाहीं. बोलणारा एक, त्याची जागा ठरलेली आणि बाकीचे सर्व स्तब्ध, एवढ्याच बेताला ती पुरी पडते. नगारखान्यांत नगारा वाजूं लागला कीं सिंहासनाजवळची कुजबूज संपली!

दरबाराच्या भिंतींबाहेर जो मोठा समाज होता, त्याचें काय? महाडाहून दक्षिणेस निघालें कीं पोलादपूर येतें. प्रतापगड व महाबळेश्वर यांकडे जाणारा आंबेनळी घाट येथूनच चढतो. याच तालुक्यांत उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव असून तेथें त्यांची समाधि आहे. १६७० सालच्या सिंहगडाच्या पराक्रमावर तुळशीदास शाहिराचा पोवाडा प्रसिद्ध आहे. पोवाडा हा उघड्यावर म्हणावयाचा. शाहिराजवळ ना भिंत, ना छप्पर. डफ, तुणतुणें आणि झीलकरी एवढाच त्याचा संच. पण त्या संचाची रचना किती विचाराची आहे पाहा. डफाचा घुमारा खालीं, तुणतुण्याची तार वर, आणि दोहोंच्या मधली जागा शाहिराच्या शब्दाला मोकळी. ओळ संपत आली कीं झीलकरी ती उंच स्वरांत उचलून धरतात. शाहिराला श्वास मिळतो, आणि मागें बसलेल्याचा एखादा शब्द निसटला असल्यास तो पुन्हां त्याच्या कानीं पडतो.

कोंकणांतील जाखडीनें, म्हणजे बाल्यानाचानें, दुसरीच युक्ति योजिली. गाणारे व ढोलकीवाला मध्यभागीं बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोंवतीं फेर धरतात. त्यामुळें ऐकणारांनाहि चारी बाजूंनीं जवळ येतां येतें. शक्तितुऱ्याचे सवालजबाब रात्ररात्र चालतात, त्यांत शब्द न् शब्द कळणें हाच सारा रस असतो. नाटकगृहांतहि हीच गोष्ट. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलें, आणि पुढें कित्येक वर्षें नटांनीं ध्वनिक्षेपकावांचून पदें म्हटलीं. पल्लेदार आवाज हा नटाचा पहिला गुण मानला गेला तो यामुळेंच. ज्याचा गळा नाजूक, त्याला मोठ्या सभेचे दरवाजे जवळजवळ बंदच होते.

महाडच्या इतिहासांत हा प्रश्न एका वेगळ्याच गांभीर्यानें उभा राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजीं येथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळें सर्वांना खुलें करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालींच केला होता; पण तो कागदावर राहिला होता. २० मार्च रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या लोकांसह मिरवणुकीनें तळ्यावर गेले आणि त्यांनीं तें पाणी ओंजळींत घेतलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत भरलेल्या दुसऱ्या परिषदेस सुमारें दहा हजार माणसें जमलीं होतीं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गांवाच्या सभेंत शब्द उच्चारण्याची मोकळीक नव्हती, तीं माणसें तेथें ऐकावयास व बोलावयास आलीं होतीं. अशा सभेंत शेवटच्या रांगेंतील माणसाला ऐकूं न येणें ही केवळ गैरसोय नव्हे. तो माणूस सभेंत असून नसल्यासारखा होतो. ऐकूं येणें हाहि पाण्यासारखाच एक हक्क आहे, हें महाडखेरीज दुसऱ्या कोणत्या गांवीं अधिक पटेल?

विजेनें हा प्रश्न हातीं घेतला तो याच्या थोडा आधीं. १९१५ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें जेन्सन व प्रिडहॅम या दोघांनीं आपला कर्णा लोकांपुढें वाजवून दाखविला आणि त्याला ‘मॅग्नाव्हॉक्स’, म्हणजे लॅटिन भाषेंत ‘महान आवाज’, असें नांव दिलें. आपल्याकडे १९३० नंतरच्या दशकांत राजकीय सभांतून मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’चे ध्वनिक्षेपक लोकांच्या परिचयाचे झाले. भाषणाचा प्रश्न त्यांनीं बराचसा सुटला. पुढें गाण्यालाहि त्यांचा लाभ झाला. १९५३ पासून पुण्यास भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मंडपांत ख्यालाची हळुवार आलापी हजारों लोकांना ऐकूं येऊं लागली, ती मायक्रोफोनामुळेंच. नाजूक गळ्याला बंद असलेला दरवाजा अशा रीतीनें उघडला.

परंतु गाण्याचा प्रश्न भाषणाइतका सोपा नव्हता. भाषणांत एक तोंड व एक मायक्रोफोन. गाण्यांत गायक, पेटी, तबला, ढोलकी, झांजा आणि साथ देणारीं चार माणसें. एकच मायक्रोफोन मध्यें ठेवावा, तर ढोलकी गायकाला झांकून टाकते. प्रत्येकाला वेगळा द्यावा, तर दुसरेंच संकट. कर्ण्यांतून निघालेला आवाज मायक्रोफोनांत शिरतो, वाढून पुन्हां कर्ण्यांतून निघतो, पुन्हां शिरतो, आणि क्षणार्धांत ती कर्कश शिट्टी सुरू होते. जितके मायक्रोफोन अधिक, तितकी ही भीति अधिक.

यावर उपाय म्हणून मिक्सर आला. त्यांत प्रत्येक मायक्रोफोनाला एक स्वतंत्र पट्टी असते. साऊंडवाले तिला चॅनेल म्हणतात. तिच्यावर आवाज वाढविण्याची कळ, खर्ज, मध्य व तार यांचें प्रमाण बदलण्याच्या कळी, आणि शेवटीं वरखालीं सरकणारी दांडी, म्हणजे फेडर. सर्व पट्ट्यांची बेरीज होऊन ती ॲम्प्लिफायरकडे जाते. पुढें आणखी एक गरज दिसून आली. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्यें बीटल्स मंडळींचें गाणें ऐकावयास सुमारें ५५,००० माणसें जमलीं. त्यांच्या किंकाळ्यांत गाणारांना स्वतःचाच आवाज ऐकूं येईना. श्रोत्याइतकीच गायकालाहि ऐकण्याची गरज असते, हें अशा प्रसंगांनीं शिकविलें. आणि गायकाच्या पायाशीं, त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला मॉनिटर सर्वत्र रूढ झाला.

आतां डिजिटल मिक्सर म्हणजे काय तें पाहूं. जुन्या मिक्सरांत ध्वनीची विजेची लाट तशीच तारेंतून धांवते. नव्यांत ती आंत शिरतांच मोजली जाते. एका सेकंदांत बहुधा ४८,००० वेळां. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपलीकडे ऐकूं येत नाहीं, आणि लाट पुन्हां हुबेहूब उभी करावयास तिच्यांतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळां मोजणें पुरेसें असतें. या सिद्धांताचें बीज नायक्विस्ट याच्या १९२८ च्या लेखांत असून क्लॉड शॅनन यानें १९४९ सालीं तो स्पष्टपणें मांडला. प्रत्येक मापासाठीं २४ स्थानांची द्विमान संख्या घेतली, तर १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्या मिळतात. तेव्हां मोजणी ढोबळ राहण्याची भीति नाहीं. एकदां लाटेचे आंकडे झाले, कीं पुढचें सर्व काम गणिताचें. आवाज वाढविणें म्हणजे गुणाकार, आवाज मिसळणें म्हणजे बेरीज, आणि आवाज मागें ठेवणें म्हणजे आंकडे क्षणभर स्मरणांत धरून मग पुढें सोडणें. शेवटीं आंकड्यांची पुन्हां लाट होऊन ती स्पीकरकडे जाते.

हें यंत्र एका दिवसांत आलें नाहीं. यामाहा कंपनीचा डीएमपी-७ हा लहान डिजिटल मिक्सर १९८७ सालीं निघाला. मोठ्या जाहीर कार्यक्रमांसाठीं तिचाच पीएम-१डी हा २००० सालच्या सुमारास, आणि डिजिको कंपनीचा डी-५ हा २००२ सालीं आला. तीं यंत्रें फार महाग होतीं. २०१२ सालीं बेहरिंगर कंपनीनें ३२ मायक्रोफोन घेणारा एक्स-३२ बराच कमी किंमतींत बाजारांत आणला, आणि त्यानंतर अशीं यंत्रें तालुक्याच्या गांवांतील साऊंडवाल्याच्याहि आवाक्यांत येऊं लागलीं.

समजा, २० मार्चच्या रात्रीं महाडास चवदार तळ्याच्या परिसरांत भीमगीतांचा कार्यक्रम आहे. दरवर्षीं त्या दिवशीं तेथें दूरदूरची माणसें लोटतात. जुन्या पद्धतींत स्टेजपासून साऊंडवाल्याच्या टेबलापर्यंत मनगटाएवढी जाड केबल ओढावी लागे. आतां स्टेजवर एक डबा ठेवून तेथून बोटाहून बारीक तार आणली कीं भागतें. दुपारीं एकेक वाद्य वाजवून पाहावयाचें, आणि प्रत्येक पार्टीची मांडणी यंत्राच्या स्मरणांत ठेवावयाची. रात्रीं एक पार्टी उठून दुसरी बसली, कीं एक कळ दाबतांच फेडर आपोआप सरकून दुपारच्या जागीं जातात. गायिकेला पेटी अधिक ऐकूं यावयास हवी, ढोलकीवाल्याला गायिका. एक्स-३२ सारख्या यंत्रांतून सोळा निरनिराळीं मिश्रणें देतां येतात, त्यामुळें प्रत्येकाला आपापल्या गरजेचें मिळतें. गायक जोशांत येऊन मायक्रोफोनावर ओरडला, तर तो आवाज कानठळ्या बसविण्यापूर्वींच आवरतां येतो.

मंडप खोल असला, तर स्टेजवरचे स्पीकर मागपर्यंत पुरत नाहींत. ते फार मोठे केले तर पुढच्यांचे कान फुटतात. म्हणून मध्यावर स्पीकरांची दुसरी जोडी उभी करतात. पण वीज तारेंतून क्षणांत जाते, आणि ध्वनीला ३४ मीटर जावयास सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. दोन्ही स्पीकर एकाच वेळीं बोलले, तर मागच्या श्रोत्याला प्रत्येक शब्द दोनदां ऐकूं येईल. यासाठीं मधल्या स्पीकरांना तेवढाच, किंबहुना त्याहून किंचित् अधिक, उशीर लावतात. मग हासनें सांगितल्याप्रमाणें कान पहिला शब्द स्टेजवरून आला असें मानतो आणि दुसऱ्याचें केवळ बळ घेतो. रायगडाची भिंत जें काम एकाच जागीं करते, तेंच काम हें यंत्र रोज नव्या मैदानांत नव्यानें करतें. तें एक वाहून नेतां येणारें सभागृहच आहे म्हणा ना!

या यंत्राचा सर्वांत मोठा गुण मात्र मला याहून साधा वाटतो. साऊंडवाला हातांत टॅब घेऊन टेबलावरून उठूं शकतो, आणि चालत चालत शेवटच्या रांगेंत जाऊन, तेथें बसलेल्या माणसाच्या शेजारीं उभा राहून, त्याला जसें ऐकूं येतें तसें ऐकून मांडणी बदलूं शकतो. पूर्वीं यंत्र एका जागीं खिळलेलें असे व माणूसहि त्याच्याबरोबर खिळलेला असे.

दोषहि सांगितले पाहिजेत. जुना मिक्सर मर्यादेबाहेर गेला, तर त्याचा आवाज क्रमाक्रमानें खरखरीत होई आणि सावध करी. नव्यांत सर्वांत मोठ्या आंकड्यापुढें आंकडाच नाहीं. लाटेचा माथा एकदम कापला जातो, आणि तो आवाज कानाला टोंचतो. दुसरें असें कीं, वीज क्षणभर गेली तरी हें यंत्र पुन्हां जागें होण्यास वेळ घेतें, आणि तोंवर सर्व मंडप मुका होतो; पावसाळी वाऱ्याच्या या मुलखांत यूपीएसवांचून तें लावणें म्हणजे धाडसच. जुलै २०२१ मध्यें महाड शहर सावित्रीच्या पुरांत बुडालें, हें आपणांस स्मरत असेल. पाणी चढूं लागलें तर हा मिक्सर माणसाला उचलून माडीवर नेतां येतो, एवढें मात्र त्याच्या बाजूनें म्हणतां येईल.

पण खरा दोष यंत्राचा नसून आपला आहे. पोलादपुराच्या बाजूस एका गांवीं शक्तितुऱ्याच्या कार्यक्रमाला मी मागें बसलों होतों. स्पीकरांची भिंतच उभी होती. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ थोड्या वेळानें खुर्ची उचलून आणखी मागें गेले. मीं कारण विचारलें, तेव्हां ते म्हणाले कीं आवाज तर फार ऐकूं येतो, गाणेंच ऐकूं येत नाहीं. ढोलकीचा दणका इतका वाढविला होता कीं सवालहि कळेना आणि जबाबहि. त्या रात्रीं यंत्रांत कांहीं कमी नव्हतें; शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन ऐकणारा कान तेवढा नव्हता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई असून, क्वचित् ठराविक दिवशीं सरकार बारापर्यंत सवलत देऊं शकतें. वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आपल्याला हा नियम जाचक वाटतो, पण मंडपाबाहेर झोंपलेलें मूल आणि आजारी माणूस हेहि एका अर्थीं आपले श्रोतेच आहेत, आणि त्यांचें न ऐकणें हाहि त्यांचा हक्क आहे.

रायगडावर सिंहासनापाशीं उभें राहून जो कुजबुजतो, त्याच्या शब्दांत जोर नसतो. तरीहि तो शब्द नगारखान्यापर्यंत जातो, कारण मधल्या जागेंत त्याला बुडविणारें कांहीं नसतें. शाहिराच्या संचांतहि डफ व तुणतुणें शब्दासाठीं वाट मोकळी ठेवतात. डिजिटल मिक्सरानें आपल्या हातीं आवाज वाढविण्याचें सामर्थ्य पुष्कळ दिलें. पण जें त्याहून दुर्मिळ, तें आवरण्याचें सामर्थ्यहि त्यानें दिलें आहे. पुढच्या वेळीं एखाद्या कार्यक्रमांत साऊंडवाला टेबलावरून उठून शेवटच्या रांगेकडे चालत गेलेला दिसला, तर आपण निश्चिंतपणें बसावें. त्या रात्रीं गाणें ऐकूं येईल.